प्रकाशनसंस्थेची विक्री आणि कथेची मालकी : युबिसॉफ्टचे उदाहरण

व्हिडिओ गेमच्या व्यवहारात ‘प्रकाशक’ हा शब्द ग्रंथव्यवहारातून आला. भांडवल पुरविणे, निर्मितीवर देखरेख ठेवणे, प्रती बाजारात पोहोचविणे आणि त्यांची जाहिरात करणे ही कामे जो करतो तो प्रकाशक, इतक्यापुरते हे शब्दाचे उसने घेणे योग्यच आहे. परंतु उसन्या शब्दाबरोबर त्याची जुनी गृहीतेही येतात. ग्रंथाचा प्रकाशक म्हटला की त्याच्यापासून वेगळा असा एक लेखक आहे, त्या दोघांमध्ये एक करार आहे, आणि प्रकाशनसंस्था बंद पडली किंवा दुसऱ्याच्या हाती गेली तरी लेखक आणि त्याची संहिता शिल्लक राहतात, असे वाङ्मयाचा अभ्यासक धरून चालतो. मराठी पुस्तकांतील श्रेयनामावलीच्या पानावर ‘सर्व हक्क’ कोणाच्या स्वाधीन आहेत हे एका ओळीत छापलेले असते. ती ओळ बहुतेक वाचक वाचत नाहीत. पण संस्था बुडाल्यानंतर पुस्तकाचे काय व्हायचे ते त्या ओळीवरच ठरते.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत ही ओळ बहुधा एकाच बाजूची असते. म्हणूनच या क्षेत्रातील मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या विक्रीचे प्रश्न केवळ अर्थकारणाच्या पानावर सोडून देण्याजोगे नाहीत. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही संस्था २०२३ च्या ऑक्टोबरात ६,८७० कोटी डॉलरच्या व्यवहारात ताब्यात घेतली. २०२५ च्या सप्टेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही संस्था सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी आणि दोन अमेरिकी गुंतवणूकसंस्था यांनी मिळून ५,५०० कोटी डॉलरना घेण्याचा करार जाहीर झाला. या दोहोंपेक्षा आकाराने पुष्कळ लहान, पण वाङ्मयाच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण फ्रान्समधील युबिसॉफ्टचे आहे. ही संस्था विकली जाणार काय, हा प्रश्न २०१५ पासून पुनःपुन्हा विचारला गेला. आणि प्रत्येक वेळी उत्तर म्हणून तिचा एखादा अंश विकला गेला.

युबिसॉफ्टची स्थापना १९८६ मध्ये ब्रिटनी प्रांतातील गियमो कुटुंबातल्या पाच भावांनी केली. कारांत्वार या लहानशा गावी शेतकऱ्यांना लागणारा माल पुरविणे हा या कुटुंबाचा मूळ धंदा. १९९६ मध्ये संस्थेचे समभाग पॅरिसच्या बाजारात आले, आणि तेव्हापासून कुटुंबाची सत्ता आणि कुटुंबाची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. समभाग थोडे, पण सूत्रे हाती, अशी ही अवस्था होती. २०१५ च्या ऑक्टोबरात विवेंदी या प्रचंड माध्यमसंस्थेने युबिसॉफ्टचे आणि गेमलॉफ्ट या तिच्या भावंड-संस्थेचे समभाग एकदमच घ्यायला आरंभ केला. त्यापैकी गेमलॉफ्ट २०१६ मध्ये कुटुंबाच्या हातून गेली. युबिसॉफ्टमधील विवेंदीचा वाटा सत्तावीस टक्क्यांवर गेला. फ्रेंच नियमांनुसार तीस टक्क्यांची मर्यादा ओलांडणाऱ्यास उरलेल्या सर्व भागधारकांचे समभाग घेण्याचा प्रस्ताव मांडावा लागतो. विवेंदी त्या उंबरठ्याशी येऊन थांबली, आणि अखेर २०१८ च्या मार्चमध्ये आपला वाटा सुमारे २०० कोटी युरोंना विकून बाहेर पडली. त्या वेळी जे नवे भागधारक आत आले त्यांत पाच टक्क्यांसह चीनची टेन्सेंट ही संस्था होती.

या संघर्षात गियमो बंधूंनी आपली बाजू सर्जनाच्या स्वातंत्र्याच्या भाषेत मांडली. ती भाषा अगदीच पोकळ नव्हती. पण हे स्वातंत्र्य कोणाचे, हे विचारले पाहिजे. ते संस्थेचे स्वातंत्र्य होते. संस्थेत लिहिणाऱ्या, चितारणाऱ्या, संगीत देणाऱ्या माणसांचे असेलच असे नाही. कौटुंबिक मालकी म्हणजे आपोआप उदार मालकी नव्हे. संस्थेच्या तीन माजी वरिष्ठांना सहकाऱ्यांच्या छळाबद्दल बोबिनी येथील न्यायालयाने २०२५ च्या जुलैत दोषी ठरविले, एवढे स्मरण या संदर्भात पुरे.

विवेंदीनेच २०१९ मध्ये एडिटिस हा फ्रान्समधील मोठा ग्रंथप्रकाशनसमूह घेतला, आणि पुढे २०२३ मध्ये अधिक मोठ्या आशेत समूहाची मालकी असलेली लागार्देर ही संस्था मिळविण्यासाठी तो सोडून दिला. म्हणजे एकाच मालकाच्या दृष्टीने ग्रंथप्रकाशन आणि खेळप्रकाशन या शेजारशेजारच्या दोन वस्तू होत्या. लेखकाच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. प्रकाशनसंस्थेचा नवा मालक पसंत नसेल तर कादंबरीकार पुढची कादंबरी दुसरीकडे नेऊ शकतो आणि आपले पात्रही बरोबर नेऊ शकतो. खेळाचा लेखक संस्था सोडतो तेव्हा त्याचे पात्र मागे राहते.

हा फरक एका कथेच्या दोन शाखांवरून विशेष स्पष्ट होतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ जॉर्डन मेक्नर या अमेरिकी तरुणाने जवळजवळ एकट्याने रचला आणि ब्रॉडरबंड या संस्थेने १९८९ मध्ये प्रकाशित केला. पुढे प्रकाशकांची साखळीच लागली. ब्रॉडरबंड १९९८ मध्ये लर्निंग कंपनीकडे गेली, लर्निंग कंपनी १९९९ मध्ये खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मॅटेलकडे, आणि मॅटेलने मोठा तोटा सोसून ती २००० मध्ये दुसऱ्याच्या गळ्यात घातली. २००१ मध्ये तिचा खेळविभाग युबिसॉफ्टने घेतला. इतक्या हातांतून प्रकाशनसंस्था गेली तरी कथेचा मूळ हक्क मेक्नरपाशी राहिला होता. त्यामुळे युबिसॉफ्टला त्याच्याशी बोलणी करावी लागली, आणि २००३ च्या ‘द सँड्स ऑफ टाइम’ या खेळाची पटकथा त्यानेच लिहिली. लेखक आणि प्रकाशक यांचे ग्रंथव्यवहारातील जुने नाते येथे अजून ओळखू येते.

त्या खेळाचा दिग्दर्शक पात्रीस देझिले याने मॉन्ट्रियलमध्ये याच मालिकेतील पुढच्या खेळाचे काम हाती घेतले. अकराव्या शतकातील हसन-इ-सब्बाह आणि त्याचे मारेकरी यांच्यावर व्लादिमीर बार्तोल या स्लोव्हेनियन कादंबरीकाराने १९३८ मध्ये लिहिलेली ‘आलामुत’ ही कादंबरी या कामामागची एक प्रेरणा होती. कथा वाढत गेली, राजपुत्र तिच्या केंद्रातून बाजूला सरला, आणि जे निर्माण झाले ते ‘असॅसिन्स क्रीड’ या नावाने २००७ मध्ये स्वतंत्रपणे प्रकाशित झाले. स्लोव्हेनियन भाषेतील एक कादंबरी आणि एका अमेरिकी तरुणाने कल्पिलेला इराण यांतून, क्वेबेकमधील फ्रेंच भाषकांच्या कार्यशाळेत, ही कथा इंग्रजीत अवतरली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला याहून उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल. पण कायद्याच्या दृष्टीने घडले ते इतकेच की जुन्या शाखेचा हक्क एका व्यक्तीकडे होता आणि नव्या शाखेचा हक्क संपूर्णपणे संस्थेकडे आला.

देझिलेच्या पुढील अनुभवाकडे या दृष्टीने पाहावे. २०१० मध्ये तो युबिसॉफ्टमधून बाहेर पडला. ‘असॅसिन्स क्रीड’ अर्थातच मागे राहिले. टीएचक्यू या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेत त्याने ‘१६६६ : ॲम्स्टरडॅम’ या नव्या खेळाची रचना सुरू केली. टीएचक्यूने दिवाळे काढले, २०१३ च्या जानेवारीत तिच्या मालमत्तेचा लिलाव झाला, आणि मॉन्ट्रियलची कार्यशाळा जिने घेतली ती संस्था युबिसॉफ्टच होती. लिलावात टेबल-खुर्च्या विकल्या जाव्यात त्याप्रमाणे एका निर्मात्याची अपुरी कृती त्याच्यासकट त्याच्या जुन्या मालकाकडे परतली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याला कामावरून दूर करण्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१६ मध्ये तडजोड होऊन ‘१६६६’ चे हक्क त्याला परत मिळाले. तीन वर्षे भांडून मिळाले ते एका न लिहिलेल्या कृतीचे हक्क. ज्या कृतीमुळे त्याचे नाव झाले तिच्याविषयी असा प्रश्न उपस्थितच होऊ शकत नव्हता.

लेखकाचे नाव आणि संहिता यांच्या संबंधाविषयी गेल्या अर्धशतकात पुष्कळ सिद्धान्तचर्चा झाली आहे. मिशेल फूको याने १९६९ मध्ये असे दाखविले की लेखकाचे नाव हे केवळ व्यक्तीचे नाव नसून संहितांचे वर्गीकरण करणारे एक कार्य आहे. युबिसॉफ्टने या सिद्धान्ताला व्यापारी रूप दिले असे म्हणता येईल. टॉम क्लॅन्सी हा अमेरिकी कादंबरीकार ‘रेड स्टॉर्म’ या खेळनिर्मितीसंस्थेचा एक संस्थापक होता. २००० मध्ये ती संस्था युबिसॉफ्टने घेतली, आणि २००८ मध्ये खेळांसाठी व त्यांच्याशी निगडित पुस्तके आणि चित्रपट यांसाठी क्लॅन्सीचे नावही विकत घेतले. क्लॅन्सी २०१३ मध्ये निवर्तला. २०१६ मध्ये ‘द डिव्हिजन’ ही नवी मालिका त्याच्या नावाने सुरू झाली. बार्थने लेखकाचा मृत्यू घोषित केला होता. येथे लेखक मरण पावल्यावरही त्याचे नाव नव्या संहिता प्रसवत राहिले. आणि संस्था विकली गेली तर हे नावही तिच्या मालमत्तेचा भाग म्हणून नव्या मालकाकडे जाऊ शकते.

कायदा येथे लेखकाच्या बाजूने काही बोलतो काय? फ्रेंच परंपरेत लेखकाचा नैतिक हक्क अहस्तांतरणीय आणि शाश्वत मानला जातो; पण नोकरीत असताना रचलेल्या संगणकीय आज्ञावलीच्या बाबतीत हा हक्क पुष्कळच संकुचित आहे. मग खेळ ही आज्ञावली की वाङ्मयकृती? हा प्रश्न फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे आला तो क्रायो नावाच्या दिवाळखोर खेळप्रकाशकाच्या निमित्ताने. खेळांतील संगीताबद्दल संगीतकारांच्या वतीने मागणी करण्यात आली होती, आणि दिवाळखोरीची व्यवस्था पाहणाऱ्यांचे म्हणणे असे होते की खेळ म्हणजे आज्ञावलीच होय. २५ जून २००९ च्या निकालात न्यायालयाने खेळाला ‘संकीर्ण कृती’ मानले. तिला आज्ञावलीपुरती सीमित करता येत नाही. तिच्या प्रत्येक घटकाला त्या त्या घटकाच्या जातीचा नियम लागू होतो. वाङ्मयमीमांसकांनीही या निकालाकडे लक्ष द्यायला हवे होते, कारण तो प्रकारनिश्चितीचा निकाल आहे.

भारतीय कायद्यातील स्थिती थोडी वेगळी आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे, विपरीत करार नसल्यास, नोकरीच्या ओघात झालेल्या कृतीचा पहिला स्वामी मालक असतो. उलट कलम ५७ लेखकाला काही विशेष हक्क देते, आणि हे हक्क स्वामित्वहक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही टिकतात. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या हिंदी कादंबरीवरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकात या कलमाचा केलेला उदार अर्थ भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. मात्र तेथे एक लेखिका होती, एक कादंबरी होती, आणि तिचे विकृतीकरण कोठे झाले हे बोट ठेवून दाखविता येत होते. जेथे शेकडो माणसे चार-पाच देशांत बसून एकच कृती घडवितात, तेथे कलम ५७ कोणाच्या तोंडी असावे, याचे उत्तर सोपे नाही.

युबिसॉफ्टच्या विक्रीचा अलीकडचा अध्याय या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. २०२२ च्या सप्टेंबरात टेन्सेंटने ३० कोटी युरो देऊन गियमो कुटुंबाच्या धारक-कंपनीत ४९.९ टक्के आर्थिक हिस्सा घेतला. मताधिकार मात्र पाच टक्केच पत्करला. अर्धा वाटा आणि विसावा आवाज, अशी ही रचना. त्यानंतरच्या दोन वर्षांत समभागांची किंमत कोसळली. २०२४ च्या सप्टेंबरात एका अल्पसंख्य भागधारकाने संस्था विकावी अशी मागणी उघड पत्राने केली, आणि ऑक्टोबरात गियमो कुटुंब व टेन्सेंट मिळून संपूर्ण संस्था घेण्याचा विचार करीत असल्याचे वृत्त आले. प्रत्यक्षात जे घडले ते निराळे होते. २०२५ च्या मार्चमध्ये असे जाहीर झाले की ‘असॅसिन्स क्रीड’, ‘फार क्राय’ आणि ‘रेनबो सिक्स’ या तीन मालिकांसाठी एक उपकंपनी काढली जाईल आणि तिच्या सुमारे पंचवीस टक्के हिश्शासाठी टेन्सेंट ११६ कोटी युरो देईल. उपकंपनीचे मूल्य सुमारे ४०० कोटी युरो धरण्यात आले. हा आकडा संपूर्ण युबिसॉफ्टच्या त्या वेळच्या बाजारमूल्याहून मोठा होता. भाग पूर्णाहून मोठा, हे गणितात अशक्य. पण कथांच्या बाजारात शक्य, कारण उरलेल्या संस्थेचे मोल बाजाराच्या लेखी शून्याखालीच गेले होते. ऑक्टोबरात ही उपकंपनी ‘व्हँटेज स्टुडिओज’ या नावाने उभी राहिली.

या व्यवहारात नेमके काय विकले गेले? तीन मालिकांची मालकी युबिसॉफ्टकडेच राहिली. उपकंपनीला मिळाला तो त्या कथा वापरण्याचा अनन्य आणि कायमचा परवाना, स्वामित्वधनाच्या बदल्यात. म्हणजे आजवर झालेल्या खेळांच्या प्रती ही या सौद्यातील गौण वस्तू. मुख्य वस्तू म्हणजे ‘पुढे काय झाले’ हे सांगण्याचा अधिकार. लोककथेत हा अधिकार कोणाचाच नसतो, आणि म्हणूनच तो सर्वांचा असतो. पाबूजीची फड वाचणारा भोपा तो विकत घेत नाही. कादंबरीत तो लेखकाचा मानला जातो. येथे तो एक स्वतंत्र, मोजता येणारी आणि अंशतः विकता येणारी मालमत्ता झाला आहे. १८४१ च्या शीख साम्राज्यात घडणारा ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स : इंडिया’ हा २०१६ चा खेळ आणि त्यातील अरबाज मीर हा नायक हेही याच मालमत्तेत मोडतात. त्या नायकाला पुन्हा उभे करायचे की नाही, याचा निर्णय करणाऱ्या माणसांचा त्या काळाशी, त्या प्रदेशाशी वा त्याच्या भाषांशी काही संबंध असण्याची आवश्यकता नाही.

भविष्यकाळाविषयी इतके झाले. भूतकाळाची, म्हणजे प्रकाशित संहितांची, स्थिती याहून बिकट आहे. युबिसॉफ्टने २०१४ मध्ये ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ प्रसिद्ध केला. तो एकट्याने खेळायचा असला तरी संस्थेच्या केंद्रीय संगणकाशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी संस्थेने ते संगणक बंद केले. ज्यांनी पैसे मोजून तबकडी घेतली होती त्यांच्या कपाटात तबकडी राहिली, पण खेळ राहिला नाही. यातून जो असंतोष उसळला त्याचे पर्यवसान युरोपीय संघापुढील नागरिकांच्या विनंतिअर्जात झाले, आणि २०२५ च्या जुलैत त्यावरील सह्या दहा लाखांच्या पुढे गेल्या. प्रकाशकाने विक्री थांबविली तरी घेतलेली वस्तू वापरण्याजोगी ठेवावी, इतकीच त्यांची मागणी आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात ग्राहकहिताहून अधिक काही दिसले पाहिजे. ग्रंथाची आवृत्ती संपते तेव्हा जुन्या प्रती ग्रंथालयांत असतात. प्रकाशक मनात आणूनही त्या कोऱ्या करू शकत नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९९२ च्या कायद्यानुसार अशा कृतींची प्रत जमा करावी लागते. भारतात १९५४ चा ग्रंथवितरण अधिनियम पुस्तके आणि वृत्तपत्रे यांच्यापलीकडे जात नाही. पण प्रत जमा केली तरी केंद्रीय संगणकावर अवलंबून असलेल्या कृतीची तबकडी म्हणजे शब्द पुसलेल्या पोथीचे वेष्टन. अशी कृती वाचनीय ठेवणे हा प्रकाशकाचा चालू खर्च असतो, आणि संस्था विकली जाते तेव्हा नवा मालक सर्वप्रथम तपासतो ते चालू खर्चच. खरेदीदाराच्या हिशेबात जी ओळ तोट्याची, ती एखाद्या संशोधकाची मुख्य साधनसंहिता असू शकते.

या सगळ्याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टची पुण्यातील कार्यशाळा घेतली आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरी उघडली. पुण्याच्या वाट्याला दीर्घकाळ इतरांच्या खेळांची चाचणी आणि साहाय्यक निर्मिती हीच कामे आली. २०२० च्या सप्टेंबरात मात्र असे जाहीर झाले की मेक्नरच्या ‘द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबई येथे होत आहे. ज्या खेळाची चौकट एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावरील स्वारीने उघडते, तो खेळ भारतात नव्याने घडविला जाणार होता. प्रथम दाखविलेल्या दृश्यांवर कठोर टीका झाली, प्रकाशन लांबले, आणि २०२२ च्या मे महिन्यात काम पुण्या-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला देण्यात आले. पुढे २०२६ च्या जानेवारीत संस्थेने आपली संपूर्ण पुनर्रचना जाहीर केली, तेव्हा रद्द केलेल्या सहा खेळांत हाही होता.

मेक्नरच्या १९८९ च्या खेळाची मूळ संगणकीय संहिता त्याच्या वडिलांना घरातील एका खोक्यात सापडली, आणि २०१२ मध्ये ती त्याने सर्वांसाठी खुली केली; आज कोणीही तिच्यातील ओळी वाचू शकतो, तिच्या पाठभेदांचा अभ्यास करू शकतो. पुणे आणि मुंबई येथे ज्यांनी त्याच्या कथेची नवी आवृत्ती घडवायला घेतली त्यांच्या घरात असे खोके असणार नाही. त्यांनी रचलेली दृश्ये आणि आज्ञावली संस्थेच्या मालकीची आहेत, आणि संस्था उद्या कोणी घेतली तर खरेदीखतातील मालमत्तेच्या यादीत त्यांचा वेगळा उल्लेख असेलच असे नाही.